शेरू बाळंत झाली

छत्रपती संभाजीनगर,
१२ डिसेंबर २०२३

सौ. बाना हिस,

सूर्यभानचा नमस्कार. नवऱ्यानं बायकोला पत्रात आशीर्वाद लिहायचा असतो, पण या वयात मी तुला कसला आशीर्वाद देणार? नमस्कारच घे. इकडं सर्व ठीक. काल नळाला पाणी आलं, दोन्ही टाक्या भरून घेतल्या. थंडी चांगलीच पडली आहे. कावेरीची नोकरी, ओवीची शाळा, छोट्याचे दात आणि जावईबापूंच्या शिंका कशा काय आहेत ते कळव.

पत्र बघून तुला वाटेल, म्हातारा चळला. घरात फोन असताना पत्र कशाला? तर फोनचं असं आहे की तू तो उचलतेस आणि लगेच स्पीकरवर टाकतेस. मग कावेरी विचारते, बाबा जेवलात का. ओवी म्हणते, ससा दाखवा. छोट्या फोन चाटतो. जावईबापू मागून कुठूनतरी नमस्कार ठोकतात. तुझ्या वाट्याला राहतं ते "घेतल्या का गोळ्या?" एवढंच, आणि माझ्या वाट्याला "घेतल्या". झाला फोन. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. एकदा तर तू फोन ठेवायलाच विसरलीस. ते असो.

अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे. तुझं तुला वाचता येईल, कावेरीला वाचायला देऊ नको.

आता बातमी. शेरू बाळंत झाली. हसू नको. दिवाळीत ओवीनं रडून आकांत केला तेव्हा मीच औरंगपुऱ्यात जाऊन तो ससा आणला होता, हे तुला माहीतच आहे. दुकानदारानं कान धरून उलटा करून दाखवला होता आणि म्हणाला होता, "नर है चाचा, गॅरंटी." त्यावर ओवीनं शेरू नाव ठेवलं. जावईबापू शिंकायला लागले आणि शेरू इथंच राहिला. तुम्ही सगळे पुण्याला जायला गाडीत बसलात, ओवी मागच्या काचेतून हात हलवत होती आणि मी दारात ससा धरून उभा. कॉलनीतल्या लोकांनी बघितलं असेल तर काय म्हणाले असतील कोण जाणे.

गेल्या आठवड्यात तो छातीवरचे, पोटावरचे केस तोंडानं उपटायला लागला. मला वाटलं खरूज झाली. मेंढ्यांना लावायचो तसं करंजीचं तेल आणून चोळलं. द्वारकाबाई कुंपणावरून बघून म्हणाली, "दृष्ट लागली आसंल, मीठ-मोहऱ्या ववाळून टाका." तेही केलं. तरी उपटणं चालूच. वर तोंडात गवताच्या काड्या धरून घरभर फिरायचं. मी म्हटलं, याचं डोकं फिरलं. आणि काल सकाळी खाटेखाली वाकून बघतो, तर तुझी ती गोधडीच्या चिंध्यांची पाटी आहे ना, अर्धी शिवलेली गोधडी आहे जिच्यात, त्या पाटीत पांढऱ्या केसांचा ढीग, आणि ढीग हलतोय. बोटानं बाजूला केला तर आत सहा पिल्लं. अंगावर लव नाही, डोळे मिटलेले, कान डोक्याला चिकटलेले. मी तिथंच फरशीवर बसलो. घरात मी सोडून दुसरं कुणीतरी श्वास घेतंय, हे कळायला मला जरा वेळ लागला.

द्वारकाबाईला सांगितलं तर ती शेपूची जुडी आणि डिंकाचा लाडू घेऊन आली. शेपू शेरूनं खाल्ला, लाडू मी. पाचव्या दिवशी पाचवी पुजायची म्हणते. मी म्हटलं, सशाच्या पोरांच्या नशिबात सटवाई काय लिहिणार? तर म्हणाली, "तुमच्या लिवलं, त्यायच्या नाय का लिवणार?"

पण बाना, एक काळजी आहे. ही आई पिल्लांपाशी जातच नाही. काल सकाळपासून बघतोय. पाटीकडं ढुंकून बघत नाही. दाराच्या कोपऱ्यात बसते, कान साफ करते, मेथी खाते. मी उचलून पाटीत ठेवली तर टुणकन बाहेर. तुझ्या माझ्या बापाच्या कळपातही अशी एखादी निघायचीच, पहिलटकरीण असली की कोकराला लाथ मारणारी. पण तिला निदान लाथ मारायला तरी कोकराजवळ जावं लागायचं.

पत्र पोचेपर्यंत ही पिल्लं राहतील की नाही सांगवत नाही, म्हणून आज संध्याकाळी फोन करतो. रविवार नाही म्हणून तू घाबरशील. दिवाळीत तुझी बॅग खाटेखालीच होती म्हणून ती पाटी तुला दिसली नसेल. चार दिवसांसाठी कपडे कपाटात कशाला लावायचे, ते बरोबरच आहे.

मुलांना पापा.

सूर्यभान

*

छत्रपती संभाजीनगर,
१६ डिसेंबर २०२३

बाना,

या वेळी नमस्कार-चमत्कार बाजूला ठेवतो. पाकिटावर "फक्त बानाबाईंसाठी" असं लिहिलं आहे, कारण मागचं पत्र जावईबापूंनी सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं असं ओवीनं काल सांगितलं. बाबा कॉमेडी लिहितात म्हणे. लिहितात तर लिहितात.

मला तुला एक सांगायचं आहे, पण सरळ सांगितलं तर तू स्वतःला लावून घेशील, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

मी फोन केला तेव्हा तू म्हणालीस, "काय झालं? पडलाव का कुठं?" मी म्हटलं, पडलो नाही, शेरू पिल्लांना घेईना. तू आवाज बारीक करून "थांबा, भाईर येते" म्हणालीस. मग दार सरकल्याचा आवाज आला, खालच्या रस्त्यावरच्या गाड्या ऐकू यायला लागल्या. छोट्याला सांभाळायला तू तिकडं गेलीस, त्या दीड वर्षात पहिल्यांदा तुझा एकटीचा आवाज माझ्या कानाशी आला.

"मीठ लावलं का?" तू विचारलंस.

"सशाला?"

"आई न्हाई म्हणायली तर ससा काय अन् मेंढी काय. खडेमीठ कोमट पाण्यात इरघळवा, पिल्लायच्या अंगाला लावा अन् तिला मांडीत दाबून धरा. एक डाव चाटली की पान्हा फुटतुय. आमचे अण्णा तेच करायचे."

आणि मग तुझी गाडी अण्णांवर गेली. गोदावरीच्या कडेला बसवलेल्या मेंढ्या, काळ्या तोंडाची ती आडमुठी मेंढी, तिचं कोकरू तू परकरात घेऊन झोपायचीस आणि सकाळी परकर ओला म्हणून तुझी आई मारायची. गंगापूरच्या बाजारात अण्णा ती मेंढी विकायला निघाले तेव्हा तू तिच्या गळ्याला मिठी मारून बसलीस, म्हणून कारभारी धनगराची पोरगी वेडी आहे असं सगळा बाजार म्हणाला. मी त्याच तालुक्याचा, त्याच जातीचा, तुझ्याबरोबर एवढी वर्षं एका ताटलीतलं खाल्लेलं माणूस, आणि यातलं मला काहीही माहीत नव्हतं. तू हसत होतीस. आतून कावेरीनं हाक मारली तर तू म्हणालीस, "आले गं, तुझ्या बाबाशी बोलायले." मला ते वाक्य लई गोड लागलं. लिहायला लाज वाटते, पण लागलं.

फोन ठेवून मी मीठ कालवलं. सहाही पिल्लांना लावलं आणि शेरूला मांडीत धरलं. बाना, ससा म्हणजे मेंढी नव्हे. मेंढी धडपडते, मग थकते, मग नाइलाजानं वास घेते आणि चाटायला लागते. शेरू थकलीच नाही. तिचं काळीज माझ्या हाताखाली एवढं जोरात उडत होतं की मला वाटलं फुटेल. मागच्या पायांनी मनगट फाडलं, सुटली आणि कपाटामागं जाऊन फरशीवर धाड धाड पाय आपटत राहिली. पिल्लं मिठाच्या पाण्यानं ओली, बाहेर डिसेंबर. मी पुसली, पण माझी बोटं काय आईची जीभ आहे का? चिंध्यांत गुंडाळून ठेवली.

सकाळी त्यातलं एक गार पडलेलं होतं. सगळ्यात लहान होतं ते. कढीपत्त्याखाली पुरलं.

त्या दिवशी तू फोन करून विचारलंस, "चाटलं का?" आणि मी म्हटलं, चाटलं. तू "सांगितलं नव्हतं का!" म्हणालीस, आणि एवढी खूश झालीस की मला पुढं बोलवेना. खोटं बोललो. कंडक्टरकीत कुणाचे सुटे बुडवले नाहीत, पण हे खोटं बोललो.

उरलेली पाच पाटीत, शेरू पिशवीत, असं सगळं बिऱ्हाड घेऊन रिक्षात बसलो. क्रांती चौकात सिग्नलला शेरूनं पिशवीतून तोंड बाहेर काढलं तर शेजारच्या गाडीवरचा पोरगा फोटो काढायला लागला. सरकारी जनावरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर बाई आपल्या कावेरीपेक्षा लहान. आधी तर मलाच रागावली, "काका, ही वरात कशाला आणलीत? बाळंतिणीला रिक्षात फिरवतात का?" मग पिल्लांच्या अंगाला बोट लावून बघितलं आणि बोट जिभेला लावलं. "हे खारट कसं?"

मी सांगितलं.

"मेंढरं होती का घरी?"

"व्हय."

"मीठ लावायला कुणी सांगितलं?"

मी म्हटलं, मलाच सुचलं. तुझं नाव घेतलं नाही.

ती हसली नाही. खुर्ची ओढून समोर बसली आणि म्हणाली, "काका, मेंढी पिल्लाला चाटत बसते, कारण तिचं पिल्लू उभं राहून तिच्या मागं चालतं. हिची पिल्लं बिळात पडून असतात. ही जवळ बसली तर हिच्या वासावर मांजर येईल, मुंगूस येईल. म्हणून ही लांब राहते. पहाटे एकदा येते, घाईघाईत पाजते आणि निघून जाते. तुम्ही आई कुठं बसली ते बघू नका, पिल्लांची पोटं बघा. पोट गोल दिसलं की समजा आई येऊन गेली."

मी पाटीत बघितलं. पाचही पोटं गोल होती. मीठ लावलं, मांडीत दाबली, मनगट फाडलं, आणि तरीही ती पहाटे कधीतरी येऊन पाजून गेली होती. आदल्या दिवशीही गेली असणार. मी मात्र दिवसभर तिच्या नावानं बोटं मोडत होतो.

दुसऱ्या दिवशी अंधुक उजाडताना मी खाटेवर डोक्यावरून पांघरूण घेऊन, एक डोळा बाहेर काढून पडलो. ती आली. इकडं तिकडं बघून पाटीत उडी मारली आणि नुसती उभी राहिली. बसली नाही, चाटलं नाही, काही नाही. खाली पिल्लं उताणी होऊन लुचायला लागली, त्यांचा चुकचुक आवाज येत होता. माझा चहा उकळायला लागतो तेवढाही वेळ नाही, की ही बाहेर, आणि कोपऱ्यात जाऊन कान साफ करत बसली. मी तुला सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कशानं, ते मला नीट सांगता येणार नाही.

तर पिल्लू गेलं ते थंडीनं आणि माझ्या हातानं. तू सांगितलंस म्हणून नव्हे. तू अण्णांचं सांगितलंस आणि तुझ्या जागी मी असतो तर मीही तेच सांगितलं असतं. आपल्या दोघांनाही मेंढ्याच माहीत.

आणखी एक. पिल्लू मेलं त्याचं वाईट वाटलंच, पण खरं बोलायचं तर त्याच्याआधी मला बरं वाटत होतं. आदल्या संध्याकाळी तू एवढा वेळ बोललीस म्हणून. हातात गार पिल्लू आणि मनात तुझं बोलणं, असं उभं राहायला नको होतं. पण होतो.

तशी मोकळी तू तिथं सगळ्यांशी बोलतेस हे मला ठाऊक आहे. कसं ठाऊक ते पुढं कधीतरी लिहीन.

पाचवी द्वारकाबाईनं पुजलीच. पाटीपुढं कोरा कागद आणि पेन ठेवलं. सकाळी शेरूनं कागद खाल्लेला होता.

सूर्यभान

*

छत्रपती संभाजीनगर,
२६ डिसेंबर २०२३

बाना,

पिल्लांनी डोळे उघडले. एकदम नाही उघडले, आधी एकाचा एक डोळा, मग दुसऱ्याचे दोन्ही, असं करत करत. अंगावर आता दाट लव आहे. दोन पांढरी, दोन करडी आणि एक काळ्या तोंडाचं आहे. त्याला मी काही नाव ठेवलेलं नाही, पण माझ्या मनात ते कुणाचं कोकरू आहे हे तू ओळखशील. पाटीतून बाहेर पडून खाटेखाली लुटुलुटु पळतात. मला झाडू मारायला आता मनाई आहे. एखादं चपलेत जाऊन झोपतं, म्हणून चपला घालण्याआधी हात घालून बघावं लागतं.

मागचं पत्र वाचून तू फोन केलास. म्हणालीस, "मला का नाय सांगितलं? एकटेच पुरून आलाव." आणि रडलीस. मी एवढंसं पिल्लू पुरायला दहा माणसं कशाला लागतात असं काहीतरी बोललो. चुकलंच ते. नंतर तू विचारलंस, "मी इथं कशी बोलते ते तुम्हाला कसं ठाऊक?" आणि मी तुला नळाच्या पाण्याचं सांगायला लागलो. आता लिहितो.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी तू "ठेवते" म्हणालीस आणि फोन ठेवलाच नाहीस. मी ठेवायला हवा होता. मी कानाला धरून बसलो. आधी भांडी वाजली, छोट्या काहीतरी मागत होता. मग कावेरी म्हणाली, "आई, बाबा एकटे पडलेत गं. महिनाभर तरी जाऊन ये." आणि तू म्हणालीस, "तिकडं काय ठिवलंय? भाकरी करा, वाढा, अन् एकमेकाचं तोंड बघत बसा. त्यायला काय बोलायचं नसतं. इथं मी माणसात हाय." आणि मग कुणीतरी काहीतरी म्हणालं आणि तू हसलीस. मोठ्यानं. तुझं बोलणं मला लागलं नाही असं म्हणणार नाही, पण त्या हसण्यानं जास्त लागलं. या घरात ते हसणं शेवटचं कधी ऐकलं ते मी आठवत बसलो, आणि आठवेना.

मी तुझ्यावर चिडलो नाही. एक-दोन दिवस चिडलो. मग घरात बघितलं, तर तू म्हणालीस ते खरंच होतं. इथं काय आहे? टीव्ही आहे, दोन खाटा आहेत, देव आहेत, मी आहे. तिकडं तुला सकाळी फिरायला मैत्रिणी आहेत, सोसायटीतल्या बायका तुझ्याकडं बाजरीची भाकरी शिकायला येतात, भजनात तुझ्या आवाजाला मान आहे. हे सगळं मला ओवीकडून कळलं. तुझं वय आता कुठं माणसात यायचं झालं, आणि मी तुला परत या दोन खोल्यांत बोलवायचं?

तरी बोलवणार होतो. तुला खोटं वाटेल, पण माझी सगळी तयारी झाली होती. क्रांती चौकात चहाला पुंजाराम भेटतो, माझ्या गाडीवरचा ड्रायव्हर. त्याला सांगितलं तर म्हणाला, "येड्या, गुडघा कामातून गेला म्हणून कळव. पळत यील." मी म्हटलं, गुडघा तर चालतोय. म्हणाला, "तिला काय दिसायलाय पुण्याहून?" घरी येऊन मी आरशासमोर लंगडून पण बघितलं. फोनवर लंगडणं दिसत नाही हे नंतर लक्षात आलं. कावेरीला सांगायची वाक्यंही ठरवली होती. डॉक्टर ऑपरेशन म्हणतात, आईला पाठव.

तेवढ्यात शेरू बाळंत झाली आणि माझा गुडघा राहून गेला.

आणि मग ते मिठाचं झालं. बाना, लहानपणी मी किती मेंढ्या धरल्या असतील. मान एका हातात, मागचा पाय दुसऱ्या हातात, बाप कोकरू पुढं ढकलणार. मीठ लावलं की चाटतेच मेंढी, अण्णा खोटं सांगत नव्हते. पण धरून आणलेली मेंढी पाजताना कुठं बघते हे मी तेव्हाही बघितलेलं आहे. ती दुसरीकडंच बघते. कळप गेला त्या दिशेला. दूध देते आणि तिकडं बघत राहते. तुला लंगडत्या गुडघ्याला बांधून आणलं असतं तर तू आली असतीस, भाकरी केली असतीस, गोळ्या काढून दिल्या असत्यास, शेकलं असतंस. आणि पुण्याकडं बघत बसली असतीस. ते मला बघवलं नसतं.

म्हणून तू परत ये असं मी लिहिणार नाही.

डॉक्टर बाईनं सांगितलं आहे की पिल्लं महिन्या-सव्वा महिन्यात आईपासून सुटतील. दोन तिच्याच ओळखीत जाणार आहेत. बाकीची आणि शेरू द्वारकाबाई ठेवून घेते म्हणाली, तिच्याकडं मागं मोकळी जागा आहे आणि मांजराला आवरणारा कुत्रा आहे. ओवीची मी समजूत घालीन. म्हणजे मकरसंक्रांत झाली की मी मोकळा.

तर मी तिकडं येऊ का?

मागच्या दोन वेळा आलो तेव्हा मी काय वागलो ते मला माहीत आहे. सोफ्यावर बसून राहिलो, लिफ्टला नावं ठेवली, तुमच्या घराला कोंडवाडा म्हणालो आणि चार दिवसांत बस धरली. तसा येत नाही. मी सकाळी तुझ्या मैत्रिणींच्या मागं चालीन, पुढं पुढं करणार नाही. छोट्याला सांभाळीन. पाच पिल्लं सांभाळली, एकाला भिणार नाही. आणि बोलेन. बोलायचं नसतं असं नव्हतं गं. आयुष्यभर गाडीत ओरडून घरी आलो की तोंड उघडायला नको वाटायचं, आणि नोकरी संपली तरी ते तोंड तसंच मिटलेलं राहिलं. आता मी शेरूशी बोलतो. सकाळपासून बोलतो. द्वारकाबाईला आधी वाटलं घरात पाहुणे आलेत. सशाला सांगतो ते तुला सांगितलं तर तू ऐकशील का, एवढाच प्रश्न आहे.

तुला नको वाटलं तर नको. मी रागावणार नाही, आणि रागावलो तर तुला कळू देणार नाही. तिथं तू तुझी जागा केली आहेस, आणि माझ्या येण्यानं ती अडणार असेल तर मी इथं बरा आहे. पण जे काय असेल ते तू सांग. कावेरीकडून निरोप नको.

मी आजवर तुला फक्त सांगत आलो. गंगापूरला जायचंय, पाव्हणे येणारेत, दिवा मालव. आपलं लग्न ठरलं तेव्हा माझ्या बापानं तुझ्या बापाला विचारलं, अण्णांनी तुझ्या चुलत्यांना विचारलं, भगताला विचारलं, मलासुद्धा एकदा विचारलं. तुला कुणी विचारलं नाही. मी मांडवात होतो, मला ते दिसत होतं.

आता विचारतो. मी येऊ का, बाना?

सूर्यभान
राहणार : तू सांगशील तिथं